आधी मोजा, मग आवळा!

खडकाळ वाटेवर मोटारसायकल आपटू लागली, की पुष्कळजण मागची स्प्रिंग आवळतात, नाहीतर महागडा शॉक ॲब्सॉर्बर आणतात. आम्हांला हे पटत नाही. आधी मोजपट्टी घ्या! २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनचे मागचे चाक १८० मिलिमीटर वरखाली होऊ शकते. स्वार बसल्यावर त्याचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ६० मिलिमीटर, दबला पाहिजे. तरच खड्डा येताच चाक खाली उतरून जमिनीला टेकलेले राहते. अधांतरी चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? आवळल्याने स्प्रिंगचा ताठपणा वाढत नाही. गाडी फक्त उंच होते. आवळूनही स्वार जास्तच दबत असेल, तर मात्र ताठ स्प्रिंग बसवावी. मापनाशिवाय केलेला खर्च वाया जातो, शिवाय जीवही धोक्यात येतो!