सत्तरांचे अकरा

बापाने पाडलेले देऊळ मुलाने बांधावे, यात मोठे नवल नाही. नवल आहे ते त्या मुलाने लिहून ठेवलेल्या हिशेबाचे.

असीरियाचा राजा सेन्नाखेरिब याने इ. स. पूर्व ६८९ मध्ये बॅबिलोन नगरी उद्ध्वस्त केली. तेथील लोकांनी त्याच्या पुत्राला एलामच्या हाती दिले होते; तो राग त्याने नगरीवर काढला. घरे-देवळे आपण पाडली, कालवे खणून त्यांवर पाणी सोडले, असे त्याने बाविआनच्या कड्यावर स्वतःच कोरवून ठेवले. ६८१ मध्ये त्याचा खून झाला आणि एसरहद्दोन हा दुसरा पुत्र गादीवर आला.

याने मार्दुक देवाचे एसागिला मंदिर पुन्हा बांधावयास घेतले. बांधकामाची टोपली आपण डोक्यावर वाहिली, असे तो सांगतो. अडचण एकच होती. मार्दुकाने नगरी ७० वर्षे ओसाड राहील असे ठरविले होते. परंतु त्या कीलाक्षर लिपीत ७० म्हणजे साठाची उभी खूण व पुढे दहाची कोनाकृती खूण. क्रम उलटा केला की तीच उभी खूण एकाची ठरते आणि ११ होतात. दयाळू देवाने म्हणे आकडा फिरविला!

या युक्तीला हसण्याचे कारण नाही. दयेची वाट काढणारे शास्त्र केव्हाही बरे. खटकते ते निराळेच. नाशाच्या त्या वर्णनात पित्याचे नाव नाही. पूर्वीच्या एका राजाच्या काळी, एवढाच उल्लेख. बॅबिलोनकरांनी देवळाचे सोनेचांदी एलामला दिले, देव कोपला, अराख्तु नदीला पूर आला. पित्याने सोडलेले पाणी पुत्राच्या लेखात देवाचा कोप झाले.

मुलाने बापाचा दोष कसा उच्चारावा, असे कोणी म्हणेल. न उच्चारला तर एक वेळ चालेल. पण ज्यांची घरे बुडाली त्यांच्याच माथी दोष मारून त्यांना देऊळ द्यावयाचे, हे औदार्य अपुरे होय. ६६८ मध्ये मार्दुकाची मूर्तीही परत आली. तरी ६५२ मध्ये एसरहद्दोनचेच दोन पुत्र, एक असीरियाचा राजा व एक बॅबिलोनचा, एकमेकांवर उठले आणि ६४८ मध्ये बॅबिलोन पुन्हा पडले.

जीर्णोद्धार करणाऱ्याने पायात लेख जरूर पुरावा. मात्र देऊळ कोणी पाडले हेही त्यात लिहावे. त्याने लिहिले नाही तरी कडा बोलतोच.