अर्थशास्त्राचा तास

पदवीला अर्थशास्त्र घेतलेल्या मुलामुलींच्या वह्या पाहण्याचा योग आम्हांस वरचेवर येतो. मागणीचा वक्र त्यांत अगदी सुबक काढलेला असतो. परवा शेवटच्या वर्षाच्या एका मुलीस आम्ही विचारले, "महागाईचा दर सहा टक्क्यांवरून चारावर आला, म्हणजे भाव उतरले का?" ती म्हणाली, "हो, काकू." भाव उतरलेले नसतात, केवळ त्यांची चढण मंदावलेली असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. महागाईचे प्रकार मात्र मुखोद्गत! दोष तिचा नव्हे. परीक्षेत प्रकार विचारतात आणि मार्गदर्शिकांचा धंदा त्यावरच चालतो.

ही तक्रार जुनी आहे. १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी बजावले होते की, विलायती ग्रंथांतले सिद्धान्त आपल्या देशास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुढे १९३० साली पुण्यात गोखले संस्था निघाली. तेथे धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी करविली. ग्रंथाइतकेच शिवारही वाचावे लागते, ही त्या घराण्याची शिस्त.

बडोदेकर वाचकांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. सयाजीरावमहाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले. नंतर लंडनला केलेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. त्यास प्राध्यापक कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीतच शिष्याची पुष्कळशी टीका आपणांस मान्य नसल्याचे सांगून टाकले! मत न पटताही विद्यार्थ्याची पाठराखण करणारा असा गुरू आज कितीजणांच्या वाट्यास येतो? ज्यास तासागणिक मानधन मिळते आणि पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हेच ठाऊक नसते, त्या अध्यापकाकडून ही अपेक्षा धरणेही कठीणच.

आपल्या मुलांची अडचण तर तिहेरी. घरी मराठी, बाजारात गुजराती, कानडी वा हिंदी, आणि पुस्तक इंग्रजी. 'घाऊक' आणि 'किरकोळ' हे शब्द आजीकडून ऐकलेले असतात, पण वर्गातल्या विषयाशी त्यांची सांगड पडत नाही. ती घालण्यास विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही. त्या मुलीस आम्ही घरखर्चाची वही दिली आहे. बारा महिन्यांचे तेल, तूरडाळ आणि दूध यांचे भाव लिहून तिने स्वतःच्या घराचा महागाईचा दर काढावयाचा आहे. तीन महिने झाले आहेत. तूरडाळीवरून तिचा आणि तिच्या आईचा वाद अजून मिटलेला नाही.