काडी मोडली, माणूस नाही

माघारी आलेल्या पोरीला आमच्या बारामती-इंदापूर भागात काय काय म्हणतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही. टाकलेली, सोडलेली हे त्यातल्या त्यात सभ्य शब्द. नवऱ्यानं दारू पिऊन मारलं, सासूनं उपाशी ठेवलं, तरी गावाचा सवाल एकच, "हिचंच काहीतरी असंल."

आणि वर धर्म सांगायचा. "आपल्यात असलं चालत न्हाय. सात पिढ्यांत झालं न्हाय."

मी म्हणतो, हे खोटं आहे. काडीमोड हा शब्द कोर्टानं आणला का? तो आपल्याच वाडवडलांचा आहे. जातीच्या पंचांसमोर काडी मोडायची, देणंघेणं मिटवायचं, दोघं मोकळी. बाईनं पुन्हा घर केलं तर त्याला पाट म्हणायचे, कुठं मोहतूर. पाटाच्या बायकोला पहिल्या लग्नाच्या बायकोएवढा मान नव्हता, हेही खरं. पण वाट होती. पुढं कुळी मोठी म्हणवून घ्यायची हौस आली आणि पाट बंद करण्यात मोठेपणा वाटू लागला. तो मोठेपणा पोरींच्या जिवावर मिरवला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंसुद्धा रूढीनं चालत आलेला काडीमोड कलम 29 मध्ये राखून ठेवलाय. कायद्याला जे आठवतं ते आम्हाला आठवत नाही.

पोथी काढणाऱ्यांनी पराशरस्मृतीही काढावी. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला, पतित झाला, तर बाईला दुसरा नवरा करायची मुभा त्यात आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्याच आधारावर विधवाविवाहाची बाजू मांडली आणि 1856 साली कायदा झाला.

मुंबईच्या रखमाबाईंचं नाव तर शाळेच्या पुस्तकात हवं. अकराव्या वर्षी लग्न लावलेलं. नवऱ्यानं 1884 मध्ये नांदायला येण्यासाठी दावा लावला. 1887 मध्ये कोर्ट म्हणालं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. बाई म्हणाल्या, कैद चालेल. 1888 ला तडजोड झाली, त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटात बायकांवर उपचार करत राहिल्या. त्यांच्या विधवा आईनंही जातीच्या रिवाजानं दुसरं लग्न केलेलं. धर्म बुडाला का? बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 ला हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला. बडोदं बुडालं का?

आता खरी गोम सांगतो. धर्म पुढं असतो, सातबारा मागं. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत पोरीला पोराएवढाच हिस्सा आहे. सासरी नांदणारी बहीण हक्कसोडपत्रावर सही करून चोळी-बांगडीवर समाधान मानते. माघारी आलेली बहीण मात्र चुलीजवळ बसून विचारते, "दादा, माझं काय?" कॅनॉलच्या पाण्याखालची जमीन, उसाचं बिल खात्यावर जमा होतंय, तिथं हा सवाल भावाला टोचतो. मग त्याला एकदम कुळाची अब्रू आठवते. "दिल्या घरी राहा," असं म्हणून तिला पुन्हा त्याच उंबऱ्यात ढकलतात. काही पोरी तिथून विहिरीकडं जातात. मग मात्र सगळी भावकी मातीला येते, गळा काढते. मेलेली चालते, माघारी आलेली चालत नाही. हा कुठला धर्म?

संसार मोडावा असं कुणी म्हणत नाही. समजूत काढावी, चार माणसं बसवावीत, दोन्हीकडचं ऐकावं. पण जीव जायची वेळ आली तर पोरीला घरी आणावं आणि अंगण झाडायला नव्हे, बरोबरीनं राहायला आणावं. हळदीकुंकवाला बोलवावं. तिची ओटी भरावी. तिची पुन्हा सोयरीक जमत असेल तर कुजबुज न करता अक्षता टाकायला जावं.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. गाव शेतकऱ्यांचंच, आपल्यासारखं. त्यांना जमलं. आपल्या ग्रामसभेत रस्ता, गटार, दिवाबत्तीचे ठराव होतात. एक ठराव माघारी आलेल्या लेकींच्या मानाचा घ्या. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदन कोण देतंय, ते बघू.