आधी उत्तररंग, मग पूर्वरंग

लहानपणी आजीचे बोट धरून, सक्तीने का होईना, ज्यांनी नारदीय कीर्तने ऐकली आहेत त्यांना पूर्वरंग आणि उत्तररंग हे शब्द समजावून सांगायला नकोत. बुवा आधी एखादा अभंग घेऊन त्यावर निरूपण करतात, तो पूर्वरंग. मग मध्यंतर होते, बुवांच्या गळ्यात हार पडतो, कपाळाला बुक्का लागतो आणि उत्तररंगात आख्यान सुरू होते. पोरासोरांचे सगळे लक्ष अर्थात त्या आख्यानाकडे. पण सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात एखाद्या बुवांनी आख्यान आधी लावले आणि सोळा वर्षांनी श्रोत्यांना पुन्हा बोलावून पूर्वरंग सांगितला, असे काही कधी ऐकिवात नाही. अमेरिकेतल्या जॉर्ज लुकास या चित्रपटकाराने मात्र नेमके हेच केले.

त्याचा ‘स्टार वॉर्स’ १९७७ साली आला, पाठोपाठ १९८० आणि १९८३ साली पुढचे दोन भाग. गंमत म्हणजे पहिल्या चित्रपटावर तेव्हा कोणताही क्रमांक नव्हता. १९८१ साली तो पुन्हा पडद्यावर आला तेव्हा सुरुवातीच्या मजकुरात ‘भाग चौथा’ अशी ओळ आली. भाग चौथा, म्हणजे आधीचे तीन कुठे तरी असणारच! त्या एका ओळीने जगभरच्या पोरांना जे वाट बघायला लावले ते थेट १९ मे १९९९ पर्यंत. त्या दिवशी अमेरिकेत ‘द फँटम मेनेस’, म्हणजे भाग पहिला, प्रदर्शित झाला.

पुण्यात या असल्या चित्रपटांचे भक्त कितीसे असणार, असे कोणी म्हणेल. पुष्कळ होते. ऐंशीच्या दशकात रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणून त्याचे पैसे वसूल होईपर्यंत, म्हणजे पहाटे दूधवाला येईपर्यंत, एकामागून एक कॅसेटी बघण्याची पद्धत होती. मोठ्या माणसांसाठी एक हिंदी, आजीसाठी एक पौराणिक आणि उरलेल्या वेळात पोरांसाठी एक इंग्रजी, अशी वाटणी. संवाद निम्मे कळत नसत. कॅसेट इतकी झिजलेली असे की अवकाशात तारे किती आणि टेपवरचे ठिपके किती, ते सांगता येऊ नये. तरीही वाळवंटातल्या शेतावर कंटाळलेला तो पोरगा, काळ्या मुखवट्याआडून घरघर श्वास घेणारा तो डार्थ व्हेडर आणि दलदलीत राहणारा तो दोन-अडीच फुटी म्हातारा गुरू योडा आमच्या डोक्यात जाऊन बसले ते बसलेच. आमच्या पिढीला हे नवे नव्हते. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठीत आणून आमची पोरपणीच अवकाशाशी आणि समुद्रतळाशी गाठ घालून दिलेली होती.

तर त्या १९९९ सालच्या वाट बघण्याचे काय वर्णन करावे! वाय-टू-केच्या कामासाठी पुण्यातले कितीतरी इंजिनीयर त्या वर्षी अमेरिकेत होते. तिकडे भाविकांनी थिएटरबाहेर तंबू ठोकल्याच्या बातम्या येत होत्या. आदल्या नोव्हेंबरात तर या चित्रपटाची दोन-अडीच मिनिटांची झलक दाखवतात म्हणून लोकांनी दुसऱ्याच चित्रपटाचे पूर्ण तिकीट काढले आणि झलक संपताच मूळ चित्रपट न बघता ते उठून गेले. आपल्याकडे बालगंधर्वांच्या नाटकांसाठी लोक बैलगाड्या जुंपून येत असे सांगतात, पण नाटक न बघता नांदी ऐकून परत गेल्याचे कोणी सांगत नाही.

आणि मग पडदा उघडला. ती ओळखीची पिवळी अक्षरे वर सरकू लागली. त्यांत काय लिहिले होते? तर आकाशगंगेतल्या व्यापारी मार्गांवरच्या करआकारणीवरून वाद निर्माण झाला आहे. सोळा वर्षे थांबून जकातीचे भांडण! ज्या पुणेकराने नाक्यावर ट्रकच्या रांगा आणि पावत्यांची कटकट पाहिली आहे त्याला हे निराळे विकत घ्यायची गरज नव्हती. त्यातून ते जार जार बिंक्स नावाचे लांब कानांचे, सतत धडपडणारे पात्र. संपूर्णपणे संगणकावर घडवलेले असे मोठ्या भूमिकेतले पात्र तोवर क्वचितच कोणी पाहिले होते, आणि तांत्रिकदृष्ट्या ती मोठी झेप होती, हे मान्य. पण संगणकाला विनोदाची वेळ साधायला कोणी शिकवले नव्हते.

या गोष्टी तशा किरकोळ. सैल पटकथा आणि लाकडी संवाद आपण हिंदी चित्रपटांत जन्मभर सोसले आहेत. दुखले ते निराळ्या जागी.

मूळ चित्रपटांत ‘फोर्स’ नावाची एक कल्पना होती. सगळ्या सजीवांमधून वाहणारी, त्यांना एकमेकांशी बांधणारी शक्ती. गुरूपाशी राहून, मन एकाग्र करून, चुकत-माकत ती वश करायची. भारतीय प्रेक्षकाला हे सांगावेच लागले नाही. गुरुगृह, साधना, अहंकार गळून पडणे, हे सगळे आपल्या घरचेच. ‘द फँटम मेनेस’मध्ये एक जेडाय गुरू एका लहानग्या गुलाम मुलाच्या, अनाकिनच्या, रक्ताचा थेंब घेतो, तो तपासायला पाठवतो आणि निकाल येतो की त्याच्या पेशींतल्या ‘मिडी-क्लोरियन’ नावाच्या सूक्ष्मजीवांचे प्रमाण वीस हजारांच्या वर आहे. इतके तर साक्षात योडाचेही नाही! झाले. साधना संपली, पॅथॉलॉजी सुरू झाली.

घराणेशाही आधीही होती, हे खरे. १९८० च्या भागातच त्या शेतकरी पोराचा बाप कोण हे उघड झाले होते. पण बाप कोण ही गोष्ट वेगळी आणि रक्तात किती हा आकडा वेगळा. आपल्याकडे घराणे हा शब्द गाण्यातही आहे, आणि तिथे त्याचा अर्थ रक्त असा होत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ कुठले, त्यांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व कुठले, आणि गदगचा, गाण्यासाठी अकराव्या वर्षी घरातून पळालेला भीमसेन नावाचा मुलगा कुठला! यांतल्या कोणाचेही रक्त कोणाच्या रक्ताशी जुळत नव्हते. जुळला तो सूर, आणि तो जुळायला लागली वर्षानुवर्षांची मेहनत. त्या काळी कुंदगोळला कोणी दारातच रक्त तपासून मग आत घेतले असते, तर पुढे रमणबागेतल्या थंडीत पहाटेपर्यंत शालीत गुरफटून बसायचे आम्हाला काही कारणच उरले नसते.

हा निव्वळ चित्रपटापुरता प्रश्न नाही. पात्रता जन्माने ठरते की कर्तृत्वाने, हा आपल्या समाजाचा फार जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. भर रंगमंडपात कृपाचार्य कर्णाला त्याचे कुळ विचारतात, ती जखम महाभारत संपेपर्यंत वाहत राहते. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ साली आले आणि घरोघरी पोचले, ते काही शेवट माहीत नव्हता म्हणून नव्हे. कर्ण कसा मरतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. त्या एका प्रश्नाचे ओझे घेऊन माणूस जगतो कसा, ते वाचायचे होते. अनाकिनलाही बाप नाही, तोही वंचित घरात वाढलेला, त्याच्याही हातून पुढे अनर्थ होणार हे आपल्याला माहीत. केवढी मोठी शक्यता होती! त्या शक्यतेच्या हाती लुकासने प्रयोगशाळेचा अहवाल दिला.

मग पूर्वकथा सांगूच नये का? तसे कसे म्हणता येईल. व्हर्नचेच बघा. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’ १८७० साली पुस्तकरूपाने पुरे झाले तेव्हा कॅप्टन निमो कोण, कुठला, कोणावर सूड उगवतो आहे, हे वाचकाला कळत नाही. तो पोलंडचा सरदार आणि रशियाचा वैरी असावा असे व्हर्नच्या मनात होते. प्रकाशकाने ते होऊ दिले नाही. पुढे १८७४-७५ मध्ये ‘मिस्टीरियस आयलंड’ आले आणि मरणशय्येवरच्या निमोने आपली हकिगत सांगितली. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला, त्यात बायको-मुलांसह सर्वस्व गमावलेला. समुद्राच्या तळाशी इंग्रजांवर दात धरून बसलेला हा गूढ माणूस आपला निघाला, हे वाचताना भारतीय पोराच्या अंगावर जो काटा येतो तो फ्रेंच पोराच्या येत असेल असे वाटत नाही. वास्तविक दोन्ही पुस्तकांतल्या सालांचा मेळ बसत नाही. टिपूशी जोडलेले नातेही इतिहासात बसणारे नाही. पण कोणी तक्रार केली नाही, कारण ही सगळी पूर्वकथा थोडक्या पानांत, मरता मरता, ज्याची त्याच्याच तोंडून येते आणि निमो आधीपेक्षा मोठा होतो. नाव कळल्याने त्याचे गूढ संपत नाही, त्याला दुःखाची जोड मिळते. २००३ साली एका इंग्रजी चित्रपटात नसीरुद्दीन शाह निमो झाले, ते व्हर्नच्या या शेवटच्या पानांना धरूनच.

आणखी मागे जायचे तर आपला हरिवंश. महाभारतात कृष्ण प्रथम दिसतो तो द्रौपदीच्या स्वयंवरात, चांगला जाणता पुरुष म्हणून. गोकुळ, यशोदा, कालिया यांची कथा मूळ ग्रंथात सविस्तर येत नाही, ती हरिवंशात येते, आणि हरिवंश हे महाभारताचे खिल, म्हणजे पुरवणी. भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली आणि त्यानंतर डॉ. प. ल. वैद्यांनी हरिवंशाचीही आवृत्ती सिद्ध केली, ती याच नात्यामुळे. आता बघा, या पुरवणीने कुरुक्षेत्रावरच्या कृष्णाचा खुलासा केला का? त्याच्या रक्तात काय होते हे सांगितले का? मुळीच नाही. तिने एक अगदी वेगळाच, गाईंच्या मागे धावणारा पोर आपल्या पदरात टाकला, आणि त्यानंतर कवींना, गवळणींना, दहीहंडीच्या मंडळांना काही कमी पडले नाही.

लुकासच्या पूर्वकथेने उलट जग लहान केले. पुण्यात कोणत्याही लग्नात दोन अनोळखी माणसे पंगतीत शेजारी बसली की भाताची मूद मोडायच्या आत नाते निघते. तसेच इथे. तो सोनेरी यंत्रमानव कोणी बनवला? तर लहानपणी अनाकिनने. एवढ्या मोठ्या आकाशगंगेत दुसरा सुतार मिळाला नाही!

चांगले काहीच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेवटचे तिघांचे तलवारयुद्ध अजूनही श्वास रोखून बघावे असे आहे, आणि त्यामागे जॉन विल्यम्स यांनी जो समूहस्वर योजला आहे तो चक्क संस्कृतात आहे. एका जुन्या वेल्श कवितेच्या ओळी संस्कृतात नेऊन, त्यांतले शब्द नादासाठी निवडून तो बांधला. पुण्यातल्या कोणत्याही संस्कृत शिक्षिकेला त्याचा अन्वय लावता येणार नाही, पण ऐकायला भारी वाटते. राणीचे नावही पद्मे. आपल्या कानाला ते सतत कोणी तरी पद्माला हाक मारत असल्यासारखे वाटते.

पैसा म्हणाल तर चित्रपटाने तो रग्गड मिळवला, जगभरात नव्वद कोटी डॉलरांहून अधिक. म्हणजे निराश झालेल्यांनीही तिकीट काढलेच, कित्येकांनी दोनदा. आणि मग या निराशेचा जो राग झाला, त्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तो राग लुकासपर्यंत पोचला की नाही कोण जाणे. तो पोचला दोन अभिनेत्यांपर्यंत. अनाकिनची भूमिका करणारा जेक लॉइड तेव्हा दहा वर्षांचा होता. शाळेत मुले त्याला छळत राहिली आणि त्याने पुढे अभिनयच सोडला. जार जारचा आवाज आणि हालचाली ज्याने दिल्या तो अहमद बेस्ट विशीतला उमदा कलावंत. त्याच्यावर इतके तोंडसुख घेतले गेले की त्या काळात आपण जीव द्यायला निघालो होतो, असे त्याने २०१८ साली जाहीरपणे सांगितले. पटकथा त्याने लिहिली नव्हती. नाटक पडले तर नाटककाराला चार शब्द सुनवावेत, हे पुण्यात शिकवावे लागत नाही. पण विंगेतल्या पोराला दगड मारणारा प्रेक्षक हा रसिक कसला? २०२३ साली अहमद बेस्ट याच मालिकेतल्या एका कथेत जेडाय म्हणून परत आला, तेव्हा त्याचे जोरदार स्वागत झाले. त्यात अनेक जण असे होते की जे १९९९ साली सात-आठ वर्षांचे होते आणि ज्यांना जार जार मनापासून आवडला होता.

रक्ताचे ते खूळ मात्र गेले नाही. २०१२ साली लुकासने कंपनी डिस्नेला विकली. नव्या चित्रपटांत रे नावाची, भंगार वेचून जगणारी मुलगी आली. २०१७ च्या भागात तिला सांगण्यात आले की तुझे आईबाप कोणीच नव्हते, साधी माणसे होती. आम्ही खुर्चीत सावरून बसलो. म्हटले, आता खरी गोष्ट सुरू झाली. दोनच वर्षांनी पुढच्या भागात ती सम्राटाची नात निघाली.

आता घरात प्रश्न असा पडतो की पुढच्या पिढीला हे चित्रपट दाखवायचे कोणत्या क्रमाने. दिवाळीच्या सुट्टीत मुले जमली की हा वाद होतोच. क्रमांकाप्रमाणे एक ते सहा लावावेत असे मुलांचे म्हणणे. मोजणी एकपासून सुरू होते, हे त्यांना शाळेत शिकवलेले. आमच्या घरी चौथा आणि पाचवा आधी लागतो. तो काळा मुखवटेवाला जे काही सांगतो, ते ऐकताना पोरांचे चेहरे बघण्यासाठी मोठी माणसेही फराळाची ताटे घेऊन बाहेर येऊन बसतात. मग मध्यंतर, चकल्या. पहिला भाग त्यानंतर, आणि रक्ततपासणीच्या वेळी कोणी तरी चहा टाकायला उठतेच.