साचा घरी करा, पण हिशेबाने



गावोगावच्या शिकत्या मुली आणि घरच्या सुना हल्ली रेझिनच्या वस्तू करू लागल्या आहेत. कुणी किल्लीची साखळी करते, कुणी दारावरची नावाची पाटी, तर कुणी लग्नातल्या हाराची वाळवलेली फुले चौकटीत बसवून देते. रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव ठरल्या मापाने ढवळून साच्यात ओतले की काही तासांत काचेसारखी घट्ट वस्तू तयार होते. दुपारच्या फावल्या वेळात होण्यासारखे हे काम आहे.

मात्र या कामात पैसा नकळत जातो तो साच्यांवर. आज पानाचा साचा आणला, उद्या फुलाचा, परवा अक्षरांचा. शिवाय बाजारचा साचा सगळ्यांकडे सारखाच असतो, म्हणून मालही सारखाच निघतो आणि भाव पडतो. तेव्हा साचा घरी करायला शिकावे हे उत्तम. तो स्वस्तात कसा करावा आणि काटकसर कुठे थांबवावी, एवढेच आज सांगायचे आहे.

साचा ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. गुऱ्हाळावर साच्यात आधी फडके घालतात आणि मग गूळ भरतात, म्हणून ढेप अलगद सुटून येते. पाडव्याच्या साखरेच्या गाठी लाकडी साच्यात दोरा ठेवून ओततात. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीला 1910 साली कारखाना उभा राहिला आणि तिथे लोखंडी नांगर ओतले जाऊ लागले. ओतकामात लाकडाचा नमुना वाळूत दाबून साचा करतात. वाळूचा साचा प्रत्येक ओतीला मोडतो, नमुना तेवढा टिकतो. सिलिकॉनचे याच्या उलट आहे. हा साचा रबरासारखा वाकतो, वस्तू सोडतो आणि पुन्हा वापरता येतो. रेझिन त्याला सहसा चिकटत नाही.

साच्याचे सिलिकॉन दोन भागांत मिळते. एका जातीत 100 भाग सिलिकॉनला साधारण 2 ते 5 भाग हार्डनर वजनाने घालतात. याला कथिलाचे सिलिकॉन म्हणतात. हे स्वस्त असते आणि शिकणाऱ्याने यावरच हात बसवावा. दुसरी जात प्लॅटिनमची. तिचे दोन्ही भाग बहुधा समसमान असतात. ती महाग असून नाजूकही असते. गंधक असलेली खेळण्याची माती, रबरी हातमोजे किंवा कथिलाच्या सिलिकॉनचा अंश लागला, तरी ती घट्ट न होता चिकट राहते. कोणतीही जात घ्या, डब्यावर लिहिलेले प्रमाण हेच खरे धरावे.

आता बचतीचे पहिले आणि सर्वांत मोठे गमक पाहू. ते म्हणजे पेटीचे माप. समजा तुमची मूळ वस्तू 8 सेंटिमीटर लांब, 6 रुंद आणि 2 उंच आहे. चारी बाजूंनी आणि वरून एकेक सेंटिमीटर जागा सोडली, तर पेटी 10 बाय 8 बाय 3 ची होते. तिचे घनफळ 240 घनसेंटिमीटर. त्यातून वस्तूचे 96 वजा केले की 144 उरतात. सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडे जड असते, म्हणून 1.15 ने गुणावे. साधारण 166 ग्रॅम लागेल. आता हाती आले ते मोठे खोके घेतले आणि सगळीकडून तीन-तीन सेंटिमीटर जागा राहिली, तर हाच हिशेब 856 ग्रॅमवर जातो. वस्तू तीच, खर्च पाचपट! म्हणून पेटी वस्तूच्या मापानेच करावी. जाड पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावून किंवा जुन्या प्लॅस्टिकच्या डब्याची पट्टी कापून फुकटात पेटी होते. वस्तू वेडीवाकडी असेल तर ती पेटीत ठेवून वरून तांदूळ भरावेत आणि मग ते तांदूळ मापाच्या भांड्यात मोजावेत. जेवढे मिलिलिटर भरतील तेवढी सिलिकॉनची जागा.

कृती अशी. पहिल्या वेळी तळ सपाट असलेली वस्तू निवडावी. बेंदराचा मातीचा बैल मनात भरेल, पण पाय आणि शिंगे असलेल्या वस्तूला दोन भागांचा साचा लागतो, ते पुढचे काम. लाकूड किंवा माती सच्छिद्र असते. तिला दोन-तीन हात व्हार्निश देऊन पूर्ण वाळू द्यावे, नाहीतर सिलिकॉन आत शिरून धरून बसते. काचेच्या वस्तूवर व्हॅसलिनचा हात फिरवून पुसून घ्यावा. मूळ वस्तू चकचकीत असेल तरच रेझिनची वस्तूही चकचकीत निघते, हे ध्यानात ठेवावे. वस्तू पेटीच्या तळाशी चिकटवावी, म्हणजे ती तरंगणार नाही. पेटीचे सांधे आणि कोपरे मेणाने बुजवावेत. पेटी सपाट आहे का, ते गवंड्याच्या लेव्हलने पाहावे.

सिलिकॉन आणि हार्डनर वजन करून सावकाश ढवळावे. कडा आणि तळ खरवडून घ्यावेत. आधी ब्रशने वस्तूवर पातळ थर द्यावा, म्हणजे बारीक नक्षीत हवा अडकत नाही. मग पेटीच्या एका कोपऱ्यात, थोड्या उंचीवरून, सुतासारखी बारीक धार सोडावी आणि सिलिकॉनला आपोआप पसरू द्यावे. पेटी हलकेच ठोकली की बुडबुडे वर येतात. घट्ट झाल्यावर वस्तू काढावी. साचा मात्र आणखी एक दिवस उघडा ठेवून मगच त्यात रेझिन ओतावे.

बचतीचे आणखी दोन मार्ग आहेत. जुना फाटलेला साचा फेकू नये. त्याचे वाटाण्याएवढे तुकडे करावेत. नव्या साच्यात वस्तूवर पहिला थर चांगला झाला की मागच्या जागेत हे तुकडे भरून वरून सिलिकॉन ओतावे. सिलिकॉन सिलिकॉनला घट्ट धरते. फक्त तुकडे त्याच जातीचे असावेत आणि वस्तूला टेकू नयेत. दुसरा मार्ग हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या नळीचा. सिंक आणि खिडकीच्या फटी बुजवतात ती ही नळी, हिला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. ते सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, म्हणून जाड थर आत कच्चाच राहतो. त्यात कॉर्नफ्लॉवर मळून कणकेसारखा गोळा केला तर लवकर आणि सारखे घट्ट होते. हा गोळा वस्तूवर दाबून बसवावा. बारीक नक्षी नीट उठत नाही, पण साध्या आकारांवर हात बसवायला हा मार्ग चांगला. हे काम मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच करावे.

आता काटकसर कुठे करू नये ते पाहा. फवारणीचे औषध दुप्पट टाकले म्हणून कीड दुप्पट मरत नाही, पीक मात्र करपते. हार्डनरचेही तसेच. लवकर व्हावे म्हणून जास्त घातले तर साचा ठिसूळ होतो आणि लवकर फाटतो. कमी घातले तर सगळे चिकट राहून वाया जाते. 166 ग्रॅमला 3 टक्क्यांनी हार्डनर लागते 5 ग्रॅमच्या आसपास. एवढे मोजायला एक ग्रॅमचा काटा अपुरा पडतो. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. दोघी-तिघींनी मिळून घेतला तरी चालेल.

दुसरे म्हणजे अंगाची काळजी. कच्चे रेझिन आणि हार्डनर वारंवार त्वचेला लागले तर खाज व चट्टे उठतात आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा सुटत नाही. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. काम पडवीत किंवा खिडक्या उघडून करावे, स्वयंपाकघरात कधीही नाही. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. घट्ट झालेली वस्तू घासताना नाकावर मास्क हवा. उरलेले रेझिन मोरीत, ओढ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. ते भांड्यातच घट्ट होऊ द्यावे आणि मग कचऱ्यात टाकावे. जास्त रेझिन एका भांड्यात साठवून ठेवले तर ते फार तापते, हेही विसरू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपला भाग उसाचा आणि गुळाचा. सुंदर साचा घरात आला की त्यात गुळाच्या वड्या, मोदक किंवा चॉकलेट पाडावे असे कुणालाही वाटेल. तसे करू नये. कथिलाचे सिलिकॉन किंवा दुकानातल्या नळीचे सिलिकॉन हे अन्नासाठी नाही. ज्या साच्यात एकदा रेझिन पडले तो साचा, कितीही धुतला तरी, अन्नासाठी कायमचा बाद. अशा साच्यांवर तांबडी खूण करावी आणि ते वेगळ्या डब्यात ठेवावेत, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांची किंवा मुलांची चूक होणार नाही. ढवळायचे चमचे आणि वाट्याही पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. गुळाच्या वड्या विकायच्याच असतील तर अन्नासाठी प्रमाणित केलेले साचे विकत घ्यावेत आणि अन्नसुरक्षेची नोंदणी करावी. तिथे घरचा साचा नको.

शेवटी हिशेब. प्रत्येक साच्यावर तारीख आणि खर्च लिहावा. त्यातून किती वस्तू निघाल्या त्याच्या रेघा वहीत ओढाव्यात. समजा साच्याला 300 रुपये लागले आणि 30 वस्तू निघाल्या, तर प्रत्येक वस्तूवर साच्याचे 10 रुपये बसले. ते रेझिनच्या आणि मजुरीच्या खर्चात मिळवूनच भाव सांगावा. पुष्कळ भगिनी आपली मजुरी धरतच नाहीत आणि मग धंद्यात बरकत नाही म्हणतात. दुधाचा हिशेब जसा चारा, पेंड आणि राबणूक धरून करावा लागतो, तसाच हाही आहे.

या आठवड्यात एकच छोटा साचा करा. पेटी मापाची, हार्डनर वजनाचे आणि काम पडवीत. तो नीट उतरला की मगच दुसऱ्याला हात घाला.