उणिवांसकट ‘उंबरठा’





२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या जणी नऊवारी नेसून केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ बघायला गेल्या. मीही गेले. सहा बहिणी, त्यांचे जुने रुसवे आणि मंगळागौरीची स्पर्धा. सगळं नेटकं, चकचकीत. चित्रपट हसवतो, रडवतो आणि शेवटी गाठी सोडवून देतो. महाराष्ट्रभर बायकांनी घोळक्याने जाऊन तो तुफान चालवला. एरवी दवाखान्याखेरीज घर न सोडणाऱ्या बायका त्या दुपारी मनसोक्त हसल्या. अशा चित्रपटाला मी नाक मुरडणार नाही. पण परतताना कुणी कुणाशी वाद घातला नाही, हेही खरं.

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही जब्बार पटेल यांचा १९८२ चा ‘उंबरठा’ लावला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा, विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला. स्मिता पाटीलने रंगवलेली सुलभा लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक होते, तिथल्या कारभाराशी झगडते आणि राजीनामा देऊन परतते. तोवर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा घर सोडते. समाजकार्य शिकताना आम्हा मुलींना सुलभाच व्हायचं होतं!

बैठक रात्री दहापर्यंत चालली. ‘‘मुलीला सांभाळायला जाऊ होती म्हणून ती गेली. आम्ही लेकरं कुणाकडे टाकायची?’’ एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, ‘‘आश्रमातल्या बायकांपेक्षा मॅडमच जास्त दिसतात.’’ मग एक कॉलेजातली मुलगी हळूच म्हणाली, ‘‘ताई, त्या दोघी बायकांचं एकमेकींवर प्रेम होतं. त्यांना आजारी का ठरवलं?’’

मी गप्प झाले. चित्रपट इतक्या वेळा पाहूनही तो प्रसंग मला कधी खटकला नव्हता. आणि नोकरीच्या सुरुवातीला एक आई मुलीची अशीच तक्रार घेऊन आली, तेव्हा मीही ‘‘डॉक्टरांना दाखवा’’ असंच सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच वगळली, हे परीक्षेत लिहूनही! ती मुलगी पुन्हा केंद्रात आली नाही.

‘उंबरठा’ अवघड प्रश्नांना हात घालतो आणि काही ठिकाणी चुकतो. पण त्याची चूक दिसली म्हणून मला माझी दिसली. पहिल्या चित्रपटाने आम्हाला एकत्र आणलं, दुसऱ्याने बोलतं केलं. गटाला दोन्ही हवेत.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण अशी एखादी मुलगी उद्या आपल्या केंद्रात आली, तर आपण तिला काय सांगणार आहोत? आपापल्या गटात हा चित्रपट दाखवा, भांडा आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.