ज्वारीचा हिशेब पाण्यावर मांडा

रब्बी ज्वारी मागे पडली ती उतारा कमी म्हणून, असे सर्रास म्हटले जाते. हेक्टरी क्विंटलचाच रकाना पाहिला तर ते खोटेही नाही. पण सोलापूर, मंगळवेढा, बीडच्या काळ्या रानात हे पीक परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरले जाते आणि बहुतेक ठिकाणी काढणीपर्यंत त्याला पाण्याची एक पाळीही मिळत नाही. अशा पिकाचा हिशेब जमिनीवर मांडणे हीच मुळात चूक आहे. तो पाण्यावर मांडला पाहिजे.

याचे कारण ज्वारीच्या पानात आहे. पान ज्या रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत घेते, त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. गहू आणि भाताच्या पानातले रुबिस्को नावाचे विकर अधूनमधून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते. ऊन तापले की ही चूक वाढते आणि कमावलेल्या कार्बनचा काही भाग पुन्हा हवेत जातो. ज्वारीत दुसरे एक विकर कार्बन डायऑक्साइड आधी धरते, शिरांभोवतीच्या पेशींत त्याची दाटी करते आणि रुबिस्कोचे काम तिथे चालते. त्यामुळे रंध्रे कमी उघडूनही पिकाचे भागते. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये हा मार्ग उलगडून दाखवला, तो उसावर काम करताना. मग उसालाही हेच वरदान असेल तर त्याच्यावरच पाण्याचा ठपका का, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ऊस बारा ते अठरा महिने, भर उन्हाळ्यातही रानात उभा असतो; रब्बी ज्वारी चार-साडेचार महिन्यांत, बहुतांशी थंडीतच, आटोपते. पान कितीही काटकसरी असले तरी पीक किती दिवस आणि कोणत्या ऋतूत उभे आहे, यावर पाण्याचा खर्च ठरतो.

दुसरे कारण निवडीचे. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण आजही शेतकरी पेरतात. टपोरा, मोत्यासारखा दाणा, चवदार भाकरी आणि गुरांना आवडणारा उंच कडबा, हे सारे त्यात एकत्र आले. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा देशातला पहिला संकरित वाण आला आणि खरिपात दाण्याचा उतारा वाढला. त्या कामाची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. पण बुटक्या ताटाला कडबा कमी, आणि लवकर पक्व होणारे कणीस पावसात सापडले की दाणा काळा पडायचा. एकाच गुणाच्या मागे लागले की दुसरा हातचा जातो, हे निवडीचे जुने सत्य आहे. दुष्काळात कडब्याची पेंढी हीच गोठ्याची शिदोरी असते. तिला दुय्यम उत्पादन म्हणणे शेतकऱ्याला कधीच पटले नाही.

याचा अर्थ मालदांडीवरच थांबावे असा नाही. खोडमाशी आणि खडखड्या रोगाने आजही नुकसान होते. दाणा भरताना ओल संपली तरी पाने हिरवी राहण्याचा आनुवंशिक गुण ज्वारीत आहे; राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी तो दाणा, भाकरी आणि कडब्यासह जोपासणाऱ्या वाणांना प्राधान्य द्यावे. सर्वांत खरा आक्षेप मजुरीचा आहे. ताटे हाताने उपटायला माणसे मिळत नाहीत. त्याला उत्तर बियाण्यात नाही. कडबा न तुडवता काढणी करणारे, लहान शेतकऱ्याला परवडणारे यंत्र हवे.

नवा वाण प्रसारित करताना दाणा, कडबा आणि खर्ची पडलेले पाणी असे तिन्ही आकडे शेतकऱ्यापुढे ठेवणे विद्यापीठांना बंधनकारक करावे. हमीभावातही त्याची दखल दिसायला हवी. २०२४-२५ मध्ये संकरित ज्वारीला क्विंटलला ३,३७१ रुपये जाहीर झाले आणि मालदांडीला ३,४२१. हा फरक फक्त ५० रुपयांचा आहे.